म्युनिकला निघालेल्या नाशिककरांनो, तिथली पहिली शनिवारची ट्रिप अशी करा

सप्टेंबर लागला की गंगापूर रोड म्हणा, इंदिरानगर म्हणा, कोणाच्या ना कोणाच्या घरी वजनकाट्यावर बॅग चढवलेली असते आणि 23 किलोच्या वर गेली म्हणून चिवडा काढायचा की कुकर यावर आई आणि पोरगं भांडत असतात. ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसा, इन्शुरन्स, रूम, या सगळ्याचं ज्ञान आताच्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त आहे, पण तिथं गेल्यावर पहिल्या मोकळ्या शनिवारी करायचं काय हे कोणीच सांगत नाही. मग होतं काय, की अर्धी पोरं रूमवर पडून नाशकातल्या मित्रांच्या स्टोऱ्या बघत बसतात, आणि उरलेली अर्धी पहिल्याच आठवड्यात आठ-नऊ जणांचा घोळका करून त्या प्रसिद्ध राजवाड्याला निघतात, तिकीट मिळत नाही, बाहेरून फोटो काढतात आणि दमून परत.

मी म्युनिकला मास्टर्स करतेय, सध्या सुट्टीत घरी आलीये, आणि ऑक्टोबरला निघणारे ज्युनियर रोज कोणीतरी हेच विचारतंय, म्हणून एकदाच लिहून टाकते. माझा फंडा सरळ आहे: एका दिवसात एकच गाव, जाताना जास्तीत जास्त दोन तास, आणि माणसं पाच. यातलं काहीही वाढवलं की दिवस बोंबलतो. तुम्ही आखेन, बर्लिन वगैरेला असाल तर गावं बदलतील, बाकीचं बरंचसं तसंच राहील.

आधी माणसं जमवा

नाशकात आपण काय करतो, रात्री अकराला ग्रुपवर "उद्या हरिहर?" टाकतो, पहाटे पाचला गाड्या काढतो, त्र्यंबकच्या रस्त्याला चहा मारतो आणि जो आला तो आला. तिथं हे चालत नाही. गाडी कोणाकडेच नसते, सगळं ट्रेनवर, आणि बाकीच्या देशांतली पोरं गुरुवारपर्यंत प्लॅन कळला नाही तर दुसरं काहीतरी ठरवून मोकळी होतात, त्यात त्यांची काही चूक नाही. बुधवारी विचारा, गुरुवारी फायनल करा. "बघतो, कळवतो" म्हणणाऱ्याला नाही समजा.

पाचच का? कारण तिथलं ग्रुपचं तिकीट पाच जणांपर्यंत चालतं, पुढच्या सेक्शनमध्ये सांगते. सहावा आला की दुसरं तिकीट काढावं लागतं आणि मग हिशोबाची कटकट, शिवाय सहा-सात जणांना एका हॉटेलात एका टेबलावर बसायला मिळत नाही.

पहिली ट्रिप सगळ्या मराठी पोरांसोबत केली तरी काही बिघडत नाही, लोक उगाच नाकं मुरडतात. महिनाभर तोंडातून इंग्रजी आणि तोडकं जर्मन काढून जीव आंबलेला असतो, एक दिवस मनसोक्त मराठीत बडबड केली की बरं वाटतं. फक्त पाचात एक जण तरी असा घ्या ज्याला स्टेशनवरची अनाउन्समेंट कळते. हे फार महत्त्वाचं आहे, का ते पुढे येतंच.

गाव निवडा, आणि पहिल्या वेळी राजवाडा नको

मला माहितीये सगळ्यांना नॉयश्वानस्टाइनच बघायचंय, तो डोंगरावरचा पांढरा राजवाडा. बघा ना, पण पहिल्या वेळी नको. म्युनिकहून फ्युसेनला साधारण दोन तास, मग तिथून जवळच्या होहेनश्वानगाउ गावाला बस, मग चढ चालत अर्धा-पाऊण तास, आणि आत जायला ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं, ती वेळ हुकली की तिकीट गेलं. आत फोटो काढायला बंदी, गाइडेड टूर अर्ध्या तासात संपते. बव्हेरियाचा, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथला, राजा लुडविग दुसरा याने 1869 मध्ये बांधायला घेतलेला हा राजवाडा, राजा 1886 मध्ये वारला तरी पूर्ण झाला नव्हता, आणि 2025 मध्ये त्याच्या बाकीच्या राजवाड्यांसोबत युनेस्कोच्या यादीत आलाय, त्यामुळे गर्दी कमी व्हायचं नाव नाही. हे सगळं नीट जमायला हात बसलेला लागतो. तिकीट काही आठवडे आधी ऑनलाइन काढून मगच जा.

पहिल्यासाठी मी सांगेन स्टार्नबर्गचं तळं नाहीतर अँडेक्स. दोन्हीकडे शहराची लोकल म्हणजे एस-बान जाते, ट्रेन चुकली तर वीस-तीस मिनिटांत दुसरी, टेन्शन नाही. स्टार्नबर्गला उतरलं की समोर तळंच, आकाश साफ असेल तर पलीकडे आल्प्सची रांग दिसते. हाच लुडविग राजा 13 जून 1886 ला याच तळ्यात मेलेला सापडला, बुडाला की बुडवला यावर तिथली म्हातारी माणसं अजून वाद घालतात, आणि बर्ग गावाजवळ पाण्यात त्या जागी एक क्रॉस उभा केलाय. अँडेक्सला जायचं तर एस-आठने शेवटपर्यंत हेरशिंगला जायचं आणि तिथून जंगलातून ओढ्याच्या कडेने तासभर चालायचं, वर मठ आहे आणि मठाचीच ब्रुअरी. चढ सोपा आहे, अंजनेरी चढलेल्या माणसाला तर गंमतच.

दुसऱ्या-तिसऱ्या ट्रिपला मग बाकीचं. रेगेन्सबुर्ग मला स्वतःला सगळ्यात आवडतं, दीड तासावर, डॅन्यूब नदीवर 1135 ते 1146 मध्ये बांधलेला दगडी पूल अजून चालतोय, जुन्या गल्ल्या, आणि एक बरं की पाऊस असला तरी दिवस फुकट जात नाही. गार्मिश-पार्टेनकिर्शेन दीड तासाच्या आत, तिथली पार्टनाखक्लाम नावाची घळ बघाच, सातशे मीटर लांब, काही ठिकाणी ऐंशी मीटर खोल, कातळ कोरून काढलेल्या वाटेने आत चालायचं आणि बाजूने पाणी घोंघावत असतं, जून असला तरी आत थंडी वाजते आणि वरून पाणी टपकून डोकं भिजतं. तिथूनच त्सुगश्पिट्सेला जाता येतं, 2962 मीटर, जर्मनीतलं सगळ्यात उंच शिखर, पण वर जायच्या ट्रेनचं आणि केबल कारचं तिकीट वेगळं आणि महाग, तुमच्या नेहमीच्या तिकिटात ते बसत नाही. कीमझे तळं पण छान, प्रीनला उतरून बोटीने बेटावर, तिथे लुडविगनेच व्हर्सायची नक्कल करून बांधलेला राजवाडा.

साल्झबुर्ग म्हणजे ऑस्ट्रिया, दुसरा देश, पण दोन तासांत पोचता आणि बव्हेरियाचं एक दिवसाचं तिकीट (बायर्न टिकेट, पुढे सांगते) तिथल्या स्टेशनपर्यंत चालतं. मोझार्टचं जन्मघर वगैरे सगळं स्टेशनपासून पंचवीसेक मिनिटं चालत. फक्त ओरिजिनल पासपोर्ट आणि रेसिडन्स परमिटचं कार्ड खिशात हवं, कार्ड अजून आलं नसेल तर व्हिसा असलेला पासपोर्ट. परतताना बॉर्डरवर पोलीस ट्रेनमध्ये चढून तपासतात, 2015 पासून हे चालूच आहे, आणि मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही.

आणि डाखाउ. लोकलने पाऊण तासाच्या आत पोचतो म्हणून लोक कुठल्याही ट्रिपला जोडून टाकतात. 22 मार्च 1933 ला उघडलेली नाझींची छळछावणी आहे ती, तिथं स्वतंत्र दिवशी जा, डबा-गाणी-ग्रुप सेल्फी घेऊन जाऊ नका. एवढंच.

तिकीट, इथे नीट लक्ष द्या

सगळा घोळ इथंच होतो. दोन प्रकार डोक्यात फिट करा.

एक, डॉइचलांड टिकेट. महिन्याचा पास, सगळ्या जर्मनीत लोकल, रिजनल ट्रेन, मेट्रो, ट्राम, बस, सगळं चालतं. 2023 च्या मे महिन्यात 49 युरोला सुरू झाला, 2025 ला 58 झाला आणि 2026 च्या जानेवारीपासून 63. विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी स्वस्तात मिळतो, आपापल्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर बघा. हा सबस्क्रिप्शन असतो, म्हणजे बंद करायचा तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कॅन्सल करावा लागतो, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले गेलेच म्हणून समजा. सुट्टीत नाशिकला येताना पोरं हे हमखास विसरतात.

दोन, बायर्न टिकेट. एक दिवसाचं, अख्ख्या बव्हेरियात, एक ते पाच जण. पहिल्या माणसाचा एक दर आणि पुढच्या प्रत्येकाला थोडे थोडे वाढत जातात, त्यामुळे पाच जण झाले की डोई फारच स्वस्त पडतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं, शनिवार-रविवारी मात्र रात्री बारापासूनच, आणि दोन्ही वेळी दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. मशीनमधून कागदी काढलं तर त्यावर सगळ्यांची नावं पेनाने लिहायची असतात, कोरं ठेवू नका, आणि ओळखपत्र जवळ ठेवा. तिकिटावरच्या पाचही जणांनी सोबतच प्रवास करायचा, दोघं आधी निघाले की त्यांच्याकडे तिकीट नाही असाच अर्थ.

आता हिशोब असा, पाचातल्या तिघांकडे पास असेल तर त्यांना परत तिकीट काढायला लावू नका, उरलेल्या दोघांचंच बायर्न टिकेट काढा. लोक उत्साहात पाचांचं काढून बसतात.

दोन्ही तिकिटं फक्त हळू गाड्यांना. आरई, आरबी, एस अशी अक्षरं असतील तर बिनधास्त चढा, आयसीई, आयसी, ईसी असेल तर चढायचं नाही. साल्झबुर्गला जाताना ही चूक सोपी असते कारण त्याच रुळावर दोन्ही प्रकारच्या गाड्या जातात आणि भारीवाली आधी पोचते. जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर अॅपमध्ये गाडी शोधताना फक्त लोकल ट्रॅफिक दाखवायचा पर्याय आहे, तो ऑन करूनच शोधा, म्हणजे महागड्या गाड्या दिसणारच नाहीत. बिनतिकीट सापडलात तर 60 युरो दंड, आणि "आम्ही नवीन आहोत" याला तिथं काडीची किंमत नाही. तिकीट मोबाइलमध्ये असेल तर मोबाइलची बॅटरी हीच तुमची तिकीट, पॉवर बँक विसरू नका, बंद पडलेला फोन दाखवून चेकरला काही पटत नाही.

आदल्या दिवशीची कामं

शनिवारी निघणार असाल तर शुक्रवारी संध्याकाळी दुकानात जाऊन या. रविवारी निघणार असाल तर शनिवारी, आणि तेही रात्री आठच्या आत, कारण बव्हेरियात आठला शटर पडतं आणि रविवारी सगळं कडकडीत बंद, फक्त मोठ्या स्टेशनवरची काही दुकानं उघडी असतात, तिथं भाव चढे आणि रांग ही एवढी. सणांना पण हेच. 3 ऑक्टोबर हा त्यांचा राष्ट्रीय दिवस, 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या तो, आणि नेमके आपण लोक त्याच आठवड्यात तिथे उतरतो, फ्रिजमध्ये काही नाही आणि बाहेर सगळं बंद. 15 ऑगस्टला पण म्युनिकमध्ये सुट्टी असते बरं का, आपल्यासाठी नाही, मेरीच्या स्वर्गारोहणाची.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ऑक्टोबरफेस्ट, तेव्हा शनिवारी म्युनिकचं मेन स्टेशन म्हणजे कुंभातल्या पर्वणीचं रामकुंड, मुंगी शिरायला जागा नाही. त्या दिवसांत रविवारी सकाळी लवकर निघा, आदल्या रात्री प्यायलेली जनता झोपलेली असते.

हवामान बघा, आणि ते फोनमध्ये आधीपासून असलेल्या अॅपवर नाही, तिथल्या हवामान खात्याचं वॉर्नवेटर नावाचं अॅप आहे ते घ्या. कपडे एक जाड जॅकेट असे नकोत, दोन-तीन पातळ थर आणि वरून पाऊस अडवणारं काहीतरी. थंडीची काळजी घरचे भरपूर करतात, पावसाळी जॅकेट मात्र कोणीच देत नाही.

उजेडाचा हिशोब करा. नाशकात दिवस जानेवारीत काय आणि मे मध्ये काय, तास-दोन तासांचा फरक, त्यामुळे आपल्याला सवयच नसते. म्युनिकला डिसेंबरमध्ये साडेचारच्या आतच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो. म्हणजे हिवाळ्यात अकराला आरामात निघालात तर पोचून जेवेपर्यंत अंधार. हिवाळ्यात सातची गाडी, उन्हाळ्यात नऊची चालेल. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे-मागे होतं, त्या रविवारी ट्रिप ठेवली तर मोबाइलच्या वेळेवरच विश्वास ठेवा, हातातल्या घड्याळाच्या नाही.

सकाळी स्टेशनवर

भेटायची जागा "मेन स्टेशनवर" अशी कधीच ठरवू नका. म्युनिकचं हाउप्टबानहोफ अवाढव्य आहे, कित्येक वर्षं बांधकाम चालू आहे, आणि काही प्लॅटफॉर्म मेन हॉलच्या बाजूला वेगळ्याच पंखात आहेत, हॉलपासून सात-आठ मिनिटं सहज जातात. टेगर्नझे तळ्याची गाडी एका टोकाला, साल्झबुर्गची दुसऱ्या टोकाला. म्हणून प्लॅटफॉर्मचा नंबर टाका, "27 च्या तोंडाशी, गाडीच्या पंधरा मिनिटं आधी". आणि नंबर ऐनवेळी बदलतो, तेव्हा बोर्डवर "ग्लाइस" शब्दाशेजारचा आकडा परत परत बघत राहा.

आता तो अनाउन्समेंटवाला मुद्दा. काही गाड्या वाटेत तुटतात. म्हणजे अक्षरशः, दोन-तीन गाड्या एकमेकींना जोडून म्युनिकहून निघतात आणि पुढे वेगळ्या होतात. टेगर्नझे, लेंगग्रीस आणि बायरिशत्सेल या तिन्हीकडच्या गाड्या अशाच एकत्र निघतात, होल्झकिर्शेनला एक भाग सुटतो आणि शाफ्टलाखला उरलेल्या दोघी वेगळ्या होतात. तुम्ही चुकीच्या डब्यात बसला असाल तर एकाच गाडीत चढलेला ग्रुप दोन वेगवेगळ्या तळ्यांना पोचतो. आमच्यातलेच दोघं टॉयलेटजवळची मोकळी सीट बघून मागच्या भागात जाऊन बसले होते, त्यांनी बायरिशत्सेलच्या वाटेवरचं श्लीरझे तळं बघितलं आणि आम्ही टेगर्नझे, संध्याकाळी परतीला भेट. म्हणून चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या बोर्डवर ए, बी, सी असे सेक्टर दिलेले असतात आणि कुठला भाग कुठे जाणार ते लिहिलेलं असतं, ते बघा, शिवाय डब्याच्या दारावर आणि आतल्या स्क्रीनवर शेवटच्या स्टेशनचं नाव येतं. नाव वाचलं, मगच बसा. शंका आली तर शेजारच्या आजीला नुसतं "टेगर्नझे?" असं विचारा, ती हातानेच पुढे जा म्हणून दाखवते.

बोर्डवर "एसईव्ही" दिसलं की समजा पुढे रुळाचं काम आहे आणि मध्ये बस. वीकेंडलाच ही कामं जास्त काढतात. बस स्टेशनच्या बाहेर कुठेतरी उभी असते, जांभळ्या रंगाच्या पाट्या शोधा, आणि वेळेत पाऊण तास वाढवूनच पुढचा विचार करा. शुक्रवारी रात्री अॅपवर एकदा गाडी टाकून बघितली की हे आधीच कळतं.

गाडीत रिझर्व्हेशन नसतं, उन्हाचा शनिवार असेल तर डोंगराकडच्या गाड्या आठ-नऊच्या सुमाराला गच्च भरतात. जागा मिळाली तर बसा, पाय समोरच्या सीटवर टाकू नका, फोन स्पीकरवर लावू नका. मोठ्याने हसलात तर कोणी काही बोलत नाही, पण बघतात. आणि एस-बानमध्ये टॉयलेट नसतं, रिजनल गाडीत असतं, फुकट असतं, ते वापरून घ्या कारण स्टेशनवरच्याला पैसे पडतात.

खाणं

हा भाग आपल्याला बरोबर जमतो. डबा न्या. तिथं पन्नास मीटरवर वडापाव मिळत नाही, डोंगरातल्या गावात हॉटेलचं किचन दुपारी दोन ते पाच बऱ्याचदा बंद, आणि शाकाहारी असाल तर मेन्यूवर चीजमधले नूडल्स आणि बटाटे एवढंच उरतं. दशम्या करा, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सोबत काकडी, एवढं पुष्कळ झालं, ठेच्याच्या डब्याला दोन पिशव्या लावा कारण बॅगेत सांडला की जॅकेटचा वास हिवाळाभर जात नाही. चिवड्याचं पाकीट हवंच, तळ्याच्या काठी बसून नाशिकचा चिवडा खाताना ब्राझीलची पोरगी "हे काय आहे, अजून आहे का" म्हणते तेव्हा दुसरं पाकीट आणलेलं बरं.

इथून नेताना एक लक्षात ठेवा, दूध आणि मांस यापासून केलेलं काहीही भारतातून युरोपात नेता येत नाही, म्हणजे पेढे, तूप, खवा घरीच. ताजा कढीपत्ता पण नाही. चिवडा, चटण्या, मनुके, मसाले चालतात.

आता यातली सगळ्यात भारी गोष्ट. बव्हेरियातल्या पारंपरिक बिअरगार्डनमध्ये स्वतःचं खाणं घेऊन बसायला परवानगी आहे, 1999 च्या सरकारी नियमातच तसं लिहिलंय, फक्त पेय तिथलं घ्यायचं. म्हणजे चेस्टनटच्या झाडाखाली बसून दशमी-ठेचा खा, शेजारचे आजोबा पण घरून आणलेला मुळा चिरत बसलेले असतात. टेबलावर कापड घातलेलं असेल तर ते वेटरवालं टेबल, तिथं डबा उघडू नका, उघड्या लाकडी बाकांवर बसा. पीत नसाल तर आप्फेलशोर्ले मागवा, सफरचंदाचा रस आणि सोडा, नाहीतर श्पेत्सी, कोला आणि ऑरेंजचं मिक्स. कोणी आग्रह करत नाही, आणि एक लिटरचा मग दुपारी एकला संपवून डोंगर चढणारे आपलेच वीर मी बघितलेत, पुढचं सांगत नाही.

पाणी नळाचं बिनधास्त प्या, बाटली घरून भरा. कारंज्यावर किंवा नळावर "काइन ट्रिंकवासर" लिहिलं असेल तर ते प्यायचं नाही. विकत घेतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट डिपॉझिट असतं, फेकू नका, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकून पैसे परत घ्या. सोबत वागवायची नसेल तर कचरापेटीच्या आत न टाकता शेजारी ठेवा, गोळा करणारे उचलतात. आणि थोडी रोख हवीच, वीस-तीस युरो. छोट्या गावात कार्ड चालत नाही म्हटलं की चालत नाही, यूपीआयची सवय लागलेल्या आपल्या पोरांची तिथं चांगलीच जिरते.

तिथे पोचल्यावर

पोचल्या पोचल्या पहिलं काम फोटो नाही, परतीच्या गाड्या. मोठ्या गावाहून तासाला एक तरी असते, लहान गावाहून संध्याकाळनंतर दोन तासांनी एक असं होतं. बस धरून जायचं ठिकाण असेल तर शेवटची बस ट्रेनच्या कितीतरी आधी संपते, अगदी सहाला पण. शेवटून दुसरी गाडी ही आपली गाडी असं ठरवून टाका आणि सगळ्यांना तोंडी सांगा.

डोंगर चढणार असाल तर वाटांना रंग असतात, निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. हरिहरच्या त्या खड्या पायऱ्या चढलेल्या माणसाला लाल म्हणजे किस झाडकी पत्ती वाटते, पण तिथं फरक बर्फाचा आहे. सावलीच्या बाजूला मे महिन्यातसुद्धा बर्फ उरलेला असतो आणि कॉलेजच्या स्पोर्ट्स शूजने त्यावर पाय ठरत नाही. पहिल्या वर्षी निळीच धरा. काही झालं तर 112, डोंगरात पण हाच नंबर.

तळ्यात उतरायचं असेल तर ऐका. जूनमध्ये पण पाणी अंगात कळ आणेल एवढं गार असतं, आणि काठापासून चार पावलांवर तळ एकदम खाली जातो, गंगेवर रामकुंडात पायऱ्यांवर उभं राहतो तसं इथं उभं राहता येत नाही. लाइफगार्ड सगळीकडे नसतो. तिथली पोरं लहानपणापासून पोहायला शिकलेली असतात, त्यांचं बघून उडी मारू नका. पोहता येत नसेल तर घोट्यापर्यंत पाय बुडवा आणि चिवडा खा, कोणी हसत नाही. येत असेल तरी एकटे आत जाऊ नका आणि बिअरनंतर तर अजिबात नाही.

बाकी फिरायचं कसं हे मी काय सांगणार. फक्त "अजून एक गाव होईल" असं दुपारी तीनला जो म्हणतो त्याचं ऐकू नका, प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. त्याच गावात अजून एक गल्ली चाला, बेकरीत जा, बाकावर बसा.

परतीचा प्रवास आणि हिशोब

घरी फोन करायचा असेल तर परतीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना करा, रूमवर पोचून नाही. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे आणि हिवाळ्यात साडेचार, म्हणजे तुम्ही रात्री नऊला निवांत होता तेव्हा नाशकात साडेबारा नाहीतर दीड वाजलेला असतो आणि आई घाबरूनच फोन उचलते.

पैशांचा हिशोब गाडीतच उरका, स्प्लिटवाइजवर टाका आणि तिकीट ज्याने काढलं त्याचे पैसे त्याच दिवशी द्या. आपल्याकडे "नंतर बघू" म्हणजे दोस्ती, तिथं दोन युरो चाळीस सेंटसुद्धा लोक पाठवतात आणि तशीच अपेक्षा ठेवतात, मनाला लावून घेऊ नका.

आणि समजा इतकं करूनही शेवटची गाडी गेली, किंवा मधल्या स्टेशनवर कनेक्शन तुटलं. घाबरू नका. आधी अॅपमध्ये म्युनिकच्या ऐवजी जवळच्या मोठ्या गावापर्यंतची गाडी शोधा, रोझेनहाइम, आउग्सबुर्ग, जे असेल ते, मोठ्या स्टेशनवरून रात्री उशिरापर्यंत काहीतरी निघतंच, आणि बायर्न टिकेट पहाटे तीनपर्यंत चालतंय हे विसरू नका, पास तर काय महिनाभर चालतो. तेही नसेल तर पाच जणांत टॅक्सी करून त्या मोठ्या स्टेशनपर्यंत जा, पूर्ण म्युनिकपर्यंत टॅक्सी करू नका, त्या पैशात पुढच्या दोन महिन्यांच्या ट्रिपा होतात. साध्या टॅक्सीत चारच जण बसतात, तेव्हा फोन करतानाच "आम्ही पाच जण आहोत" हे सांगा.